सदर वनमाला

‘सदर वनमाला ही मयत कुंडलिक यांची कायदेशीर पत्नी कधीही नव्हती,’ एवढं वाचून वकीलबाईंनी पान उलटलं. विजेच्या बिलावरची ओळ वाचावी तितक्या सहज. कागद इंग्रजीत होता. वकीलबाई वाचता वाचता त्याचं मराठी करून सांगत होत्या, आणि मध्येच एखादा शब्द अडला की पेनाचं टोपण दातांत धरत होत्या. बोरिवलीतल्या त्या ऑफिसच्या खाली दातांचा दवाखाना होता. जमिनीतून यंत्राची बारीक किरकिर वर येत होती आणि वनमालाच्या तळपायांना ती कळत होती. सत्तराव्या वर्षी माणसाला काय काय कळत राहतं, असं तिला वाटलं. शेजारच्या खुर्चीत तिची मुलगी रुचिरा बसली होती. रुचिराने काळा गॉगल डोक्यावर चढवला होता, जणू ती कोर्टकचेरीला नव्हे, मनोरीच्या बीचवर निघाली होती. ‘कोण म्हणतं असं?’ वनमालाने विचारलं. वकीलबाईंचं नाव अनुपमा. वय जेमतेम पस्तीस. त्या म्हणाल्या, ‘तुमचा मुलगा. देवेश. आपण वाटणीचा दावा लावला ना, त्याला त्याने दिलेलं हे लेखी उत्तर. खाली सही आहे, बघा.’ वनमालाने सही बघितली. सहीखाली दोन ठिपके होते. बँकेत नोकरीला लागल्यापासून तो सहीखाली दोन ठिपके देतो, कुणा ज्योतिषाने सांगितलं म्हणून. आईला रखेल ठरवणाऱ्या कागदावरही ते ठिपके द्यायला तो विसरला नव्हता.

‘मग मी बायको नाही, तर तो कोण?’ ती म्हणाली. या प्रश्नावर वकीलबाई खुलल्या. हुशार विद्यार्थ्याला आवडीचं गणित मिळावं तशा खुर्चीत पुढे सरकल्या. ‘तीच तर गंमत आहे, आजी. पहिली बायको जिवंत असताना दुसरं लग्न केलं तर ते लग्न कायद्याने शून्य. पण त्या लग्नाची मुलं औरस धरतात. बापाच्या मालमत्तेत त्यांना हक्क आहे, बाईला नाही. तो म्हणतो, तुमच्या लग्नाच्या वेळी यजमानांची पहिली बायको हयात होती, सोनूबाई नावाची. म्हणून तुमचं लग्न बाद. ती पुढे चौऱ्याण्णव साली वारली, म्हणून तिचाही वाटा नाही. राहिली दोन मुलं. तिनाचे दोन वाटे झाले. चांगला वकील दिलाय त्याने.’ रुचिराने आईच्या हातावर हात ठेवला. ‘बघ, किती खालच्या थराला गेला दादा,’ ती म्हणाली. ते म्हणताना तिच्या आवाजात उकडीच्या मोदकावर तूप पडावं तसं काहीतरी पसरलं, ते वनमालाने ऐकलं. मुलीला दुःख झालं नव्हतं. मुलीला हत्यार मिळालं होतं.

दावा लागला तोच मुळी अशा प्रेमातून. कुंडलिक सात वर्षांपूर्वी गेला. मृत्युपत्र केलं नव्हतं; ते करणं म्हणजे यमाला पत्ता देणं, असं तो म्हणायचा. मागे राहिलं ते चारकोपच्या सेक्टरमधलं एक बैठं घर, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं, वर पत्र्याचा एक मजला चढवलेला. गिरणीतली नोकरी गेल्यावर कुंडलिकने तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर काम करून ते उभं केलं होतं. पाच वर्षं त्या घराकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. देवेश मुलुंडला, रुचिरा घाटकोपरला. दोघांनाही चारकोप म्हणजे दुसऱ्या राज्यात असल्यासारखं लांब. मग सोसायटीत बिल्डर आला आणि अंतर एकदम कमी झालं. देवेशने गॅसच्या केवायसीच्या कागदांत बिल्डरचं संमतिपत्र सरकवून आईपुढे ठेवलं. तिने सही केलीही असती. पण नेमकी त्या दिवशी रुचिरा आली होती, तिने कागद ओढून घेतला. तिथून रुचिराचं प्रेम सुरू झालं. वर्षातून दोनदा येणारी मुलगी आठवड्यातून दोनदा येऊ लागली, आईच्या गुडघ्यांना तेल लावू लागली, आणि तेल लावता लावता एकदा म्हणाली, ‘तुझा वाटा तू मला लिहून दे ना आई, मी तुला सांभाळते.’ वनमाला म्हणाली, बरं. मुलगी आवडती होती म्हणून नव्हे. देवेशला झोंबेल म्हणून. स्वतःचं हे कारण तिला तेव्हाच माहीत होतं, आणि ते तिने गुडघ्याच्या तेलासारखं मुरू दिलं.

रिक्षातून परतताना रुचिरा भराभर बोलत होती. बाबांचं गावाला काही होतं हे आपण साफ नाकारायचं. सोनूबाई कोण? बाबांच्या चुलतभावाची बायको. लग्नाचा दाखला, फोटो, रेशनकार्ड कुठे आहे तिच्याकडे? ‘आणि ती मेलेली बाई थोडीच सांगायला येणार आहे?’ रुचिरा हसली. वनमाला लिंक रोडवरचे मेट्रोचे खांब मोजत होती. सोनूबाई मेलेली नव्हती. ही गोष्ट मुंबईत ज्या दोन-चार माणसांना माहीत होती, त्यांतली एक रिक्षात बसली होती आणि खांब मोजत होती.

पंच्याहत्तर साली लालबागच्या चाळीत, गॅलरीतच मांडव घालून तिचं लग्न झालं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. चार ठिकाणांहून नकार आलेला. वरच्या दातांची रांग पुढे होती, आणि बाप गिरणीत साच्यावरचा कामगार. त्याच खात्यात कुंडलिक होता; देखणा, अबोल, युनियनच्या सभेत पुढे बसणारा. गावाला त्याची बायको होती, लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नव्हतं. बापाने हे लपवलं नाही. उलट तेच मोठं भांडवल असल्यासारखं सांगितलं: ‘तिका पोर नाय. तू पोर दिलंस काय राणी होशीत.’ पुढे लोकांना वाटत राहिलं, बिचारीला फसवलं. तीही त्यांना वाटू द्यायची. पण तिला कुणी फसवलं नव्हतं. तिने त्या दोन वाक्यांवर रात्रभर विचार केला होता आणि तिला ती आवडली होती. आपल्याला चार जणांनी नाकारलं. आणि कुठेतरी एक बाई आहे, जी आपल्याहून गोरी असेल, दात सरळ असतील, तरी जिला आपण एका पोटाच्या जोरावर हरवू शकतो. लग्न तिने त्या बाईशीच केलं म्हटलं तरी चालेल.

देवेश पोटात असताना ती पहिल्यांदा गावाला गेली. देवगडच्या अलीकडे, एसटीतून उतरून अर्धा तास चालायचं. सोनूबाई दारात उभी होती. उंच, सडसडीत, डोळे घारे. दात सरळच होते. तिने वनमालाच्या पायांवर पाणी घातलं, आत नेलं, पाट मांडला. एक शब्द टाकून बोलली नाही. खाट नव्या बायकोला दिली आणि स्वतः पडवीत चटई टाकली. वनमाला तिथे वीस दिवस राहिली. त्या वीस दिवसांतलं तिला आता, चारकोपच्या घरात, पंख्याखाली पडल्या पडल्या नको तितकं आठवायचं. घडा हाताशी असताना ती सोनूबाईला हाक मारून पाणी मागायची. पाय सुजलेत म्हणून कढत पाणी करायला लावायची. एकदा शेजारीण आली होती. तिला वनमालाने, चुलीपर्यंत जाईल इतक्या आवाजात सांगितलं, ‘वांझेच्या हाताला चव असते म्हणतात, ते खरं आहे हं.’ चुलीपाशी फुंकणीचा आवाज थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. कुंडलिक ओटीवर विडी ओढत बसला होता. त्यानेही ऐकलं. त्याने विडीची राख झाडली. माणसांची किंमत करायची झाली तर वनमाला नवऱ्याची त्या राख झाडण्यावरून करायची, आणि स्वतःची करायची वेळ आली की कूस बदलायची.

चौऱ्याण्णव साली गणपती उरकून कुंडलिक गावाहून एकटाच परतला. मुलं अभ्यासाला बसली होती. देवेश सोळाचा, रुचिरा तेराची. तो पायांतल्या वहाणा काढता काढता म्हणाला, ‘ती गेली.’ बस्स, एवढंच. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. गावाला एक ‘काकी’ आहे आणि ती बापाची कोण, हे त्यांना अर्धवट ठाऊक होतं. आता ती मेली, असं त्यांनी धरलं. रात्री वनमालाने विचारलं तेव्हा कळलं, की सोनूबाई घर सोडून शेजारच्या गावी भावाकडे निघून गेली होती. सामान काय नेलं? काही नाही. काय म्हणाली? ‘काय म्हणतली?’ कुंडलिक चिडून म्हणाला आणि भिंतीकडे वळला. मुलांचा गैरसमज त्याने काढला नाही. तिनेही काढला नाही. एका क्रियापदावर एक बाई मारून टाकता येत असेल, तर कोण नको म्हणेल? पुढे कुंडलिक गेला तेव्हा फंडाच्या कागदांवर, सोसायटीच्या फॉर्मवर, बँकेत, सगळीकडे ‘मयताची पत्नी’ या रकान्यात वनमालाने आपलं नाव न अडखळता लिहिलं. बाराव्याला घरात गर्दी होती, तेव्हा फोन वाजला. पलीकडून एक म्हातारा, कोरडा आवाज. ‘गेलो?’ ‘हो.’ ‘कधी?’ ‘आज बारावं आहे.’ पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. ‘बरा,’ आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला. ‘कोण होतं गं?’ रुचिराने विचारलं. ‘राँग नंबर,’ वनमाला म्हणाली.

तारखा पडत गेल्या. दिंडोशीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसून बसून वनमालाला तिथली माणसं पाठ झाली. एका बाकावर दोन सख्खे भाऊ यायचे, डबा एकाच बायकोने भरून दिल्यासारखा एकसारखा, आणि एकमेकांकडे पाठ करून जेवायचे. एक बाई नवऱ्याविरुद्धच्या कागदांना देवाच्या पोथीसारखं लाल कापड गुंडाळायची. काळे कोट घातलेली पोरं या सगळ्यांमधून मच्छीबाजारातल्या मांजरांसारखी हिंडायची. पूर्वी या लोकांची तिला कीव आलीही असती. आता तिला त्यांची शिसारी यायची. विशेषतः त्यांच्या चेहऱ्यावरच्या त्या भावाची, की अन्याय फक्त आपल्यावरच झाला आहे. तो भाव आपल्याही तोंडावर असणार, या विचाराने ती पदराने तोंड पुसायची, जणू तो पुसून निघेल.

तिच्या साक्षीच्या आदल्या रविवारी देवेश आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. हातात सफरचंदं, कपाळावर अष्टगंध. दारातच वाकून पाया पडला. ‘कशी आहेस आई? बीपीची गोळी घेतेस ना?’  तो खुर्ची ओढून बसला, घरभर नजर फिरवली, आणि ती नजर भिंती मोजत होती हे लपवण्यापुरतीही त्याने मान खाली घातली नाही. ‘तू ते मनाला लावून घेऊ नकोस गं. ते कोर्टापुरतं असतं. वकील लिहितात, आपण सही करायची. मी तसं मानतो का? माझ्यासाठी तू आईच आहेस.’

‘आणि बापासाठी मी कोण होते?’

‘आता ते जाऊ दे ना, यार. उद्या तुला एवढंच विचारतील, सोनूबाई होती का. तू हो म्हण. खोटं बोलायचंच नाही तुला. खरं तेच सांग. मी तुला आयुष्यभर सांभाळतो, वर लेखी देतो.’ मग आवाज खाली आणून, ‘रुचिरा तुला वापरतेय, कळत नाही का तुला?’

‘कळतं,’ वनमाला म्हणाली. ‘तुझंही कळतं.’ सफरचंदं तिने शेजारच्या घरात दिली. चार दिवसांपूर्वी रुचिराने आणलेली डाळिंबंही तिथेच गेली होती.

त्या रात्री तिला झोप लागली. तिला स्वतःलाच याचं नवल वाटलं. दोन्ही मुलांना तिच्याकडून एकेक खोटं हवं होतं. मुलीला हवं होतं, की सोनूबाई कधी नव्हतीच. मुलाला हवं होतं, की ती होती आणि वेळेवर मेली. आणि आपण खरं मागतोय अशी त्याची खात्रीही होती. दोघांच्या मधोमध ती बाई भावाच्या घरी कोंबड्या राखत जिवंत होती. वनमालाला अचानक वाटलं, हे दोघे आपल्याला फार ओळखीचे आहेत. पण त्या विचाराच्या मागे जायचं तिने टाळलं. खरं सांगायचं म्हणजे न्याय करायचा, असं काही तिच्या मनात नव्हतं. न्याय हा शब्द ती व्हरांड्यातल्या लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकत होती, की तो उष्ट्या कपासारखा वाटायला लागला होता. तिला फक्त त्या दोघांचे चेहरे बघायचे होते.

साक्षीच्या पिंजऱ्यात बसायला स्टूल दिलं होतं, कारण तिचे गुडघे. ईश्वराला साक्ष ठेवून खरं सांगेन, हे शिपायाने म्हटलं तसं तिने म्हटलं. वर न्यायाधीशबाई होत्या, चष्म्याची दोरी गळ्यात, सर्दी झालेली. देवेशचे वकील देवव्रत नावाचे, पांढऱ्या केसांचे गोड बोलणारे गृहस्थ. ‘आजी, घाबरू नका, मला मुलासारखंच समजा,’ ते म्हणाले. तिला हसू आलं. मुलासारखं समजायला सांगण्याची जागा त्यांनी बरी निवडली होती.

‘तुमचं लग्न झालं तेव्हा कुंडलिक यांची पहिली पत्नी सोनूबाई हयात होती, हे खरं आहे का?’

खाली बसलेल्या रुचिराने नकारार्थी मान हलवली. अगदी बारीक, डास उडवावा तशी.

‘खरं आहे.’

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, ‘बाई, तुमच्या प्रतिज्ञापत्रात तुम्ही उलट लिहून दिलंय. कळतंय ना तुम्हाला काय बोलताय?’

‘कळतंय. ते खोटं होतं. मला वाचून दाखवलं होतं, मी सही केली.’

‘लग्नाआधीच तुम्हाला हे माहीत होतं?’ देवव्रत वकिलांनी विचारलं.

‘माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच केलं.’

न्यायाधीशबाई इंग्रजीत टायपिस्टला मजकूर सांगत होत्या. वनमालाला त्यातलं ‘वाइफ’ एवढं कळलं, आणि ते आपल्याबद्दल नाही हेही कळलं. देवेशच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं. लहानपणी दुसऱ्याच्या हातातलं बिस्किट मिळालं की पसरायचं ते. देवव्रत वकिलांनी समाधानाने कोट सारखा केला. आता केवळ उपचार उरला होता. ‘आणि सदर सोनूबाई चौऱ्याण्णव साली मयत झाल्या, हेही खरं?’

‘नाही.’

‘म्हणजे? मग कधी मयत झाल्या?’

‘मेलेलीच नाही. जिवंत आहे. देवगडजवळ भावाच्या घरी असते. नवरा गेला तेव्हा तिचा फोन आला होता मला.’ ती न्यायाधीशबाईंकडे वळली. ‘खरी बायको तीच. तिला बोलवा.’

आणि मग तिने ते दोन चेहरे पाहिले. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. देवेशचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, काढायचं विसरलेल्या तोरणासारखं. रुचिराचं तोंड उघडं होतं आणि त्यातून वरच्या दातांची पुढे आलेली रांग दिसत होती. इतकी वर्षं तारा लावून, हजारो खटपटी करून तिने ती मागे ढकलली होती, तरी घाबरली की दिसायची. वनमालाला मोठा आनंद होईल असं वाटलं होतं. तसा झाला नाही. सकाळपासून काही खाल्लं नाही, एवढंच आठवलं.

व्हरांड्यात रुचिरा किंचाळली. ‘वेडी झालीस का तू? स्वतःचा वाटा घालवलास, माझाही घालवलास! त्या म्हातारीला काय करायचंय घर?’ देवेश तिच्या मागे उभा होता. भाऊबहीण तीन वर्षांनी एका बाजूला उभे होते. ‘आई, अगं वाट लावलीस सगळ्यांची,’ तो म्हणाला. वकीलबाई फक्त एवढंच म्हणाल्या, ‘आजी, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं,’ आणि पुढच्या अशिलाकडे गेल्या. त्यांचा राग वनमालाला त्यातल्या त्यात स्वच्छ वाटला. त्या एक खटला हरल्या होत्या, एवढंच.

कोर्टाने सोनूबाईला दाव्यात सामील करून नोटीस काढली. वनमालाच्या मनात कुठेतरी एक चित्र तयार होऊ लागलं होतं. ते तयार होतंय हे कळलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली, तरी ते पुसलं गेलं नाही. सोनूबाई येईल, हात धरेल. म्हणेल, शेवटी तूच माझी आठवण ठेवलीस. दोन म्हाताऱ्या बाकावर बसतील. एवढ्या वर्षांत जे कुणाकडे मागायचं धाडस झालं नव्हतं, ते न मागता मिळून जाईल.

सोनूबाई दोन महिन्यांनी, पुढच्या तारखेला, पुतणीबरोबर आली. सत्त्याहत्तर वर्षांची, अजून उंच, हातात काठी, पायांत रबरी चपला. घारे डोळे तसेच. वनमाला पुढे झाली. सोनूबाईने तिला ओळखायला वेळ घेतला नाही.

‘काय वाटला तुका?’ सोनूबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. ‘खरा बोललंस म्हणान मी तुका ओवाळूचा? ता तू तुझ्या गरजेक बोललंस. पोरांवरचो राग काढूक माझा नाव घेतलंस. पन्नास वर्सां तोंड शिवलेला होता, तेव्हा खंय होता खरा?’

 आयुष्यभर ती माणसांना पारखत आली होती. हिने तिला चार वाक्यांत उलगडून ठेवलं. राग आला नाही. चुलीपाशी थांबलेला फुंकणीचा आवाज इतक्या वर्षांनी शब्दांत ऐकू आला, इतकंच.

‘थोरली आई!’ मागून देवेश आला आणि कोर्टाच्या फरशीवर, लोकांच्या पायांत, सोनूबाईपुढे आडवा पडला. ‘मी देवेश. तुझा मुलगा. आम्हाला कधी सांगितलंच नाही गं कोणी. आता तू मुलुंडला माझ्याकडेच राहायचं.’ रुचिरा धावत आली. तिने सोनूबाईची काठी हातातून घेतली आणि दंड धरला. ‘तिथे लिफ्ट सारखी बंद असते, आई. माझं घाटकोपरला तळमजल्यावर आहे.’ दोन-अडीच महिन्यांपूर्वी ही बाई ‘मेलेली म्हातारी’ होती. आता तिच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला दुसरं लोंबत होतं, आणि दोघांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. तेच सर्वांत किळसवाणं होतं. त्यांना रडण्यासाठी नाटक करावं लागत नव्हतं.

सोनूबाईने काठी परत मागून घेतली. ‘माझ्या घोवाचा घर खंय असा? ता दाखवा आधी.’

म्हणून ती चारकोपला आली. दाव्याचं काय होणार ते आता वकिलांना स्पष्ट दिसत होतं, आणि पुढे तसंच झालं: सोनूबाई, देवेश, रुचिरा असे तीन समान वाटे, आणि सदर वनमालाला काही नाही, फक्त बिल्डर घर पाडेपर्यंत तिने तिथे राहायला कुणाची हरकत नाही, अशी एक ओळ सोनूबाईने सांगून लिहून घेतली. ती का लिहून घेतली, हे वनमालाने कधी विचारलं नाही. पण त्या पहिल्या दिवशी यातलं काहीच ठरलं नव्हतं. सोनूबाई घरभर काठी टेकत फिरली. मोरी पाहिली, कुंडलिकने स्वतः बसवलेली लोखंडी शिडी पाहिली, भिंतीवरचा त्याचा हार घातलेला फोटो पाहिला आणि त्याच्यापुढून थांबल्याशिवाय निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवेश बायकोला घेऊन आला, पैठणी घेऊन. अकराच्या सुमारास रुचिरा आली, नव्या मोबाइलचा खोका घेऊन. तिने लगेच आपला नंबर त्यात सर्वांत वर भरून दिला. दोघांनी सोनूबाईबरोबर फोटो काढले. आईला कुणी फोटोत बोलावलं नाही आणि तिने पोह्यांच्या बशा विसळल्या. पुतणीला बाजूला घेऊन देवेशने, म्हाताऱ्या माणसाने वेळीच सगळं लिहून ठेवलेलं बरं असतं, असं समजावलं. ते त्याने हळू सांगितलं. पण त्या घरात हळू बोलायला जागाच नव्हती.

दुपारी सगळे गेले. पुतणी बाजारात गेली. सोनूबाई खाटेवर आडवी झाली, पैठणी पायाशी तशीच घडी घातलेली. वनमाला जमिनीवर चटईवर बसली होती, पाठ भिंतीला. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्या होत होत्या. 

‘तुझी पोरां,’ सोनूबाई छताकडे बघत म्हणाली, ‘अगदी तेंच्यार गेली गे.’

 हो म्हणणं सोपं होतं. मेलेल्या माणसाच्या अंगावर आणखी एक गोष्ट टाकायची; त्याने तिथेही राखच झाडली असती.

‘नाय,’ ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडात बापाची बोली आली. ‘माझ्यार गेली.’

‘ता माका म्हायत असा,’ सोनूबाई म्हणाली, आणि कूस बदलून तिने भिंतीकडे तोंड केलं.